शीग मापट्यात, गव्हाणीत नाही

कोंबड्यांची आठवण सांगतो म्हटलं की लोक लगेच जिभल्या चाटायला लागतात. थांबा. या लिखाणात रस्सा नाही. एकही कोंबडी कापली जाणार नाही, चुलीवर काही रटरटणार नाही. शिवाय यात एक सासू आहे आणि एक नवी सून आहे, म्हणजे आता भांड्यांची आदळआपट ऐकायला तुम्ही कान टवकारले असतील. तेही नाही. त्या दोघींचं भांडण झालं असतं तर मी कशाला हे लिहायला बसलो असतो? माझं सगळं दुखणंच हे की त्यांचं जमलं. इतकं जमलं की मी बाजूला पडलो. आणि तेही कशावरून, तर कोंबड्या किती खातात यावरून.

आम्ही सिन्नरचे. माझी शाळा तिथंच झाली, म्हणजे जेवढी झाली तेवढी. नंतर वडिलांना द्वारकेला एका ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनवर काम लागलं आणि आम्ही बिऱ्हाड उचलून नाशकात आलो. द्वारका म्हणजे नाशकातली, उगाच समुद्र वगैरे आणू नका डोळ्यांसमोर. आमच्या द्वारकेला ट्रक, टेम्पो आणि हॉर्न. घर दोन खोल्यांचं, पण मागं परस होतं. परसात पेरूचं झाड, न्हाणी, आणि आईच्या कोंबड्या. आईनं सिन्नरहून येताना भांडी कमी आणली, पण कोंबड्या सगळ्या आणल्या, डालग्यात घालून, एसटीच्या टपावर. वडील त्यांना "तुझ्या माहेरची माणसं" म्हणायचे. कामावरून आले की चपला काढता काढता विचारायचे, "तुझ्या माहेरची माणसं जेवली का? मग आता मला वाढ."

मला एकच विद्या येते, आवाज काढायची. सिन्नरच्या शाळेत मी हेडमास्तरांच्या आवाजात खोकायचो आणि सगळा वर्ग उभा राहायचा. नाशकात आल्यावर द्वारकेच्या जीपवाल्यांचा आवाज लगेच तोंडात बसला, "ओझर पिंपळगाव, ओझर पिंपळगाव, चला बसा सुटली!" आणि गाडी दुपारपर्यंत तिथंच. वडिलांचं घोरणं मी शेवटच्या शिट्टीसकट काढायचो. पण माझं खरं पब्लिक एकच, आई. ती हसली की आधी आवाज यायचाच नाही. नुसते खांदे हलायचे. मग पदर डोळ्यांना. मग "मर मेल्या!" हे "मर मेल्या" मिळालं की माझा दिवस झाला.

आणि माझा सगळ्यात भारी आवाज म्हणजे आईचाच. ती कोंबड्यांना बोलवायची ते. "येऽ येऽ येऽ, तीतीतीतीऽ, आली का गं बाई माझीऽ." शेवटच्या 'माझी'ला थोडा लाडाचा हेल. मी ते इतकं बरोबर काढायचो की कोंबड्या पेरूखालून, नळाखालून, शेजारच्या काकूंच्या कंपाउंडातून धावत यायच्या आणि आईऐवजी मला बघून जराशा ओशाळायच्या. वडील, मोठा भाऊ, कुणाच्याच हाकेवर त्या यायच्या नाहीत. आई आणि मी, बस. म्हणून आईच्या कामातलं अर्धं काम माझं होतं, आणि त्याचा पगार म्हणजे तांबडीचं अंडं. तांबडी सगळ्यात मोठं अंडं द्यायची. ते माझं, हे ठरलेलं.

अडचण एकच होती. खाद्य पुरायचं नाही. बाजरी, मक्याचा भरडा आणि कोंडा असं मिसळून वडील महिन्याचं पोतं आणायचे, आणि महिना अर्ध्यात असतानाच पोतं मान टाकायचं.

"ही पाखरं हाय का बैल?" वडील पोत्यात हात घालून विचारायचे. "आता महिनाअखेरपर्यंत पुरलं नाय ना, तर बुधवारच्या बाजारात नेऊन बसवतो एकेकीला."

"माझ्या कोंबड्यांना हात लावायचा नाय," आई म्हणायची.

"हात कशाला लावतो? हा बोलवंल, त्या येतील त्याच्या मागं." हा म्हणजे मी. "याला पण तिथंच सोडून येतो."

आईची घालायची पद्धत सिन्नरची. तिच्याकडे एक जुनं मापटं होतं, धान्य मोजायचं. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. आणि माप सपाट भरायचं नाही, शीग लावायची. म्हणजे काठापर्यंत भरल्यावर वर आणखी दाण्याचा डोंगर उभा करायचा, तो कडेनं ओघळायला लागेपर्यंत. "सपाट माप रेशनवाला देतो," आई म्हणायची, "आपण नाय. मुक्या जिवाला तर नायच." मग ते शिगेचं माप गव्हाणीत. गव्हाण म्हणजे तेलाचा डबा उभा कापून केलेला पत्रा, आम्ही आपलं मोठं नाव दिलेलं. आणि गव्हाणसुद्धा आई शीग लागेपर्यंत भरायची. डोंगर दिसला की तिला बरं वाटायचं. मला काय, मला पण बरंच वाटायचं.

मग भावाचं लग्न झालं आणि पिंपळगाव बसवंतची वहिनी आली.

वहिनीला मी सुरुवातीला हसलो. बोलायला लागली की प्रत्येक वाक्याच्या आधी "आमच्या पिंपळगावला". आमच्या पिंपळगावला मिरची अशी वाटतात. आमच्या पिंपळगावला केरसुणी अशी धरतात. मी मनात म्हटलं, चला, नवीन आवाज मिळाला. आणि आईला असली कुणी आवडायची नाही, हे मला शंभर टक्के माहीत होतं.

एक दिवस वहिनी मागच्या पायरीवर बसली आणि कोंबड्या जेवताना बघत राहिली. अख्खं जेवण. पिक्चरला बसल्यासारखी.

मी विचारलं, "वहिनी, इंटरव्हल कधी हाय?"

तिनं मान पण वळवली नाही. "भाऊजी, ती काळी बघा. ती खात नाय. ती शोधती."

बघितलं तर खरंच. काळी चोचीनं डावीकडे फटका मारायची, उजवीकडे फटका मारायची, मक्याचा तुकडा सापडला की गट्ट, आणि तोवर उडालेला कोंडा आणि बाजरी बाहेर. पांढरी तर गव्हाणीत चढून पायानं उकरत होती. शीग पहिल्या झटक्यालाच जमिनीवर गेली होती. खाली सगळं शिटीत आणि मातीत तुडवलेलं. चिमण्यांची लग्नाची पंगत बसलेली. आणि न्हाणीच्या कोपऱ्यात घुशीचं बीळ, तेही चांगलं ताजं उकरलेलं.

कोंबड्यांचं झाल्यावर वहिनीनं गव्हाणीखालची माती सुपात घेतली आणि पाखडली. माती गेली, सुपात बाजरी उरली. भरपूर. ते सूप घेऊन ती आईपुढं गेली.

"आत्याबाई, तुमच्या कोंबड्या खादाड नायत. सांडखोर हेत."

आईचं तोंड बदललं. "म्हंजी मी जास्त घालते म्हण की."

मला काय आनंद झाला सांगू. मी पाण्याच्या टाकीवर चढून बसलो. आता सुरू होणार. आता वहिनी म्हणणार, आमच्या पिंपळगावला माप सपाट भरतात, आणि आई तिला सुपासकट पिंपळगावला पाठवणार.

वहिनी म्हणाली, "नाय हो. शीग तर लावायलाच पाहिजे. तुम्ही लावा. पण शीग मापट्यात लावा, गव्हाणीत नको."

आईनं सुपातली बाजरी मुठीत घेतली.

"माप शिगेनं भरलं की आपलं देणं झालं ना? मग ते गव्हाणीत दोनदा-तीनदा टाकायचं. गव्हाण निम्मीच ठेवायची, फटका मारला तरी पत्र्यालाच लागंल. आमच्या पिंपळगावला पाव्हण्याच्या ताटात डोंगर करत नायत. थोडं वाढतात, पण मागं उभं राहून वाढतात."

आणि आईचे खांदे हलायला लागले! आवाज नाही, नुसते खांदे. मग पदर डोळ्यांना. "मर मेले," वहिनीला म्हणाली, "पाव्हणे म्हणते कोंबड्यांना."

यात हसण्यासारखं काय होतं? मी आजही विचारतो. ना हेल, ना नक्कल, ना टायमिंग. आणि "मर मेले" मिळालं फुकटात.

त्यानंतर परसात वहिनीचंच राज्य. गव्हाणीखाली दोन विटा आल्या, काठ कोंबडीच्या पाठीएवढा उंच झाला, म्हणजे मान घालून खायला येतं पण पाय टाकून उकरता येत नाही. भावाकडून तिनं पत्र्याचे काठ पकडीनं आत वळवून घेतले. वरून एक गोल दांडी आडवी टाकली, कोंबडी तिच्यावर बसायला गेली की दांडी फिरायची आणि बाईसाहेब धप्पकन खाली. सकाळी भरडा आणि कोंडा पाण्याचा हबका मारून ओलसर, म्हणजे उडत नाही आणि शोधता येत नाही. पण एका बसणीत संपेल एवढाच, नाहीतर आंबतो. संध्याकाळी कोरडी बाजरी. देठ, शिळी भाकरी, टरबुजाच्या साली दुपारी. महिना संपला आणि पोत्यात खाद्य होतं. वडिलांनी हात घातला, दाणे बोटांतून सोडले, आणि ज्या माणसानं उभ्या जन्मात मला "बरा आहेस" म्हटलं नाही तो म्हणाला, "सूनबाईनं तुझ्या माहेरच्यांना वळण लावलं."

मी जळलो. साधा नाही, चांगला करपलो. कंपाउंडावरून आई शेजारच्या काकूंना सांगायची, "आमच्या सुनेचं डोकं बघा," आणि मी आत पेपर वाचतोय असं दाखवत तो उलटा धरून ऐकायचो. डोकं कसलं? दोन विटा! विटा मी पण लावल्या असत्या, मला कुणी सांगितलं असतं तर. मग एका सकाळी तांबडीचं अंडं वहिनीच्या ताटात गेलं. मी आईकडे बघितलं.

"वाळलेली हाय रे ती," आई म्हणाली. "तू काय, बैल झालास."

सगळ्यात वाईट म्हणजे तिची हाक. वहिनी कोंबड्यांना बोलवायची ते जिभेनं. जीभ टाळूला लावून टॉक्-टॉक्-टॉक्, मोठ्यानं, नळीतून थेंब पडावा तसं. कोंबड्या तिला पण यायला लागल्या. आणि मला ते येईना! हेडमास्तर आले, जीपवाले आले, वडिलांची शिट्टी आली, पण ही टकटक काही केल्या येईना. न्हाणीत बसून मी जीभ दुखेपर्यंत प्रयत्न केला. बाहेरून भाऊ ओरडला, "आत काय पाल मारतोस काय?"

तेव्हा मी तिच्या बोलण्यावर हात मारला. रात्रीच्या जेवणाला सगळे बसले होते. मी तांब्या उचलला, मान तिच्यासारखी तिरकी केली आणि म्हटलं, "आमच्या पिंपळगावला पाणीसुद्धा सपाट देत नायत. शीग लावून देतात." भाऊ ठसकला. वडील हसले. वहिनी स्वतः पदरात तोंड घालून हसली, उचकी लागल्यासारखी.

आई हसली नाही. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पुरे. जेव."

एवढंच. मी तांब्या खाली ठेवला. आई माझ्यावर चिडली, ओरडली, लाटणं घेऊन मागं लागली, हे सगळं झालेलं होतं. आई हसली नाही असं कधी झालं नव्हतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वहिनी माहेरी गेली. आठवडाभर तरी येणार नव्हती. आई कुरडयांच्या मागं लागलेली, पुढच्या अंगणात गव्हाचा चीक, साचा, काकू आणि सगळी गल्ली. मला म्हणाली, "कोंबड्यांचं तूच बघ आता. विटा हलवू नको, ओलं जास्त करू नको."

मी ठरवलं, वहिनीपेक्षा जास्त खाद्य उरवून दाखवायचं. तिनं सांडणं थांबवलं होतं. म्हणजे आता उरवायचं तर एकच जागा शिल्लक होती, खाणं. आमचा कोंबडा आभाळात घार दिसली की घशातून एक लांब खरखर काढायचा, "क्ऱ्ऱ्ऱ्ऱ", आणि सगळ्या कोंबड्या जिथं असतील तिथून खुराड्यात. तो आवाज मला येत होता. लहानपणापासून. मग मी काय करायचो, आईच्या आवाजात बोलवायचो, "येऽ येऽ येऽ, तीतीतीतीऽ, आली का गं बाई माझीऽ." त्या यायच्या. चार चोची मारू द्यायचो. आणि न्हाणीच्या भिंतीमागं जाऊन, "क्ऱ्ऱ्ऱ्ऱ!" परस रिकामं. सगळ्यात पुढं कोंबडाच पळायचा, त्याला वाटत असणार आपणच ओरडलो. मी शांतपणे यायचो, गव्हाणीतला माल पोत्यात परत. दाणा सांडायचा प्रश्नच नाही. सांडायला चोच लावतंय कोण?

सकाळ-संध्याकाळ असं चाललं. एका दुपारी आई कोपरापर्यंत चिकाचे हात घेऊन आत आली आणि पोत्यात डोकावली.

"अगं बाई, हे तर हाललं पण नाय!"

"मी घातलं की पुरतं," मी म्हटलं.

"उन्हाचं कमी खातात रे," ती म्हणाली. पण म्हणताना हसली. आणि दुसऱ्या सकाळी तांबडीचं अंडं माझ्या ताटात. मी ते इतकं हळूहळू खाल्लं की भाऊ म्हणाला, "उबवतोस का काय?"

त्यानंतर तांबडीनं अंडं दिलं नाही. काळीनं नाही, पांढरीनं नाही, कुणीच नाही. तुरे फिक्के पडले. पिसं फुगवून खुराड्यात बसून राहायच्या. आई कुरडया तशाच टाकून परसात येऊन बसली. सिन्नरला एकदा मानमोडीचा रोग येऊन तिचं अख्खं खुराडं एका आठवड्यात गेलं होतं, ते तिच्या डोळ्यांपुढं आलं. लसूण ठेचून, हळदीच्या पाण्यात कालवून एकेकीच्या चोचीत घालायची. भाकरी समोर ठेवली तर "नको" म्हणायची. मी त्याच संध्याकाळी घार बंद केली. पण ते कोंबड्यांना कोण सांगणार? मी आईच्या आवाजात गोड गोड बोलवलं, आणि ज्या एक-दोन बाहेर होत्या त्याही आत गेल्या. आईला वाटलं, आजारानंच खायला बाहेर येत नाहीत.

वहिनी आली. हातातली कैऱ्यांची पिशवी पण खाली ठेवली नाही, आईचा चेहरा बघून तशीच मागं गेली. तांबडीला खुराड्यातून काढलं, काखेत धरलं आणि गळ्याखाली बोटांनी चाचपलं. मग दुसरीला. मग तिसरीला.

"आत्याबाई, रोग नाय हा. ह्या उपाशी हेत. गळ्यातली दाण्याची थैली रिकामी हे बघा, हात लावा."

"उपाशी? रोज दोन टाइम घालतोय की हा."

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. मापटं भरलं आणि आईच्या हातात दिलं. आईनं गव्हाणीत खाद्य टाकलं आणि हाक मारली. खरी हाक, मूळची. "येऽ येऽ येऽ, तीतीतीतीऽ..."

दारात आलेली काळी फर्रकन आत पळाली. आई खुराड्याजवळ जाऊन खाली बसली. हळू आवाजात म्हणाली, "आली का गं बाई माझी?" आतून नुसती धडपड. एकीमागं एक, सगळ्या पार मागच्या कोपऱ्यात. आई तशीच बसून राहिली, हात पुढं केलेला.

"तुम्ही जरा बाजूला व्हा," वहिनी म्हणाली, आणि जिभेनं वाजवलं. टॉक्-टॉक्-टॉक्. आधी पांढरीनं मान काढली. मग काळी. मग सगळ्या, आणि गव्हाणीवर तुटून पडल्या. दांडी गरागरा फिरत होती.

तेवढ्यात कंपाउंडावरून शेजारच्या काकू म्हणाल्या, "झाल्या का बऱ्या? बाई, मला एक सांगा, तुमच्याकडं घार रोज बरोबर दाण्याच्याच वेळेला कशी येते? कोंबडा ओरडला की मी वर बघते, आभाळात काय नसतं. आणि तुमचा कोंबडा न्हाणीतनं कसा ओरडतो?"

आई उठली. मला वाटलं आता हात उचलणार. उचलला असता तर बरं झालं असतं.

"मुडद्या," ती म्हणाली. "उपाशी ठेवलंस त्यांना? खाद्य वाचवतोय म्हणून मला पोतं भरलेलं दाखवलंस, आणि मी येडी, हौसेनं अंडं घातलं तुझ्या ताटात. मी चार दिस भाकरी खाल्ली नाय, तू समोर बसून बघत होतास. तोंड उघडलं नाय तुझं. एरवी मिटत नाय!"

"आई, मी फक्त..."

"गप. फक्त काय? कुणावर जळतोस रे? तिच्यावर? ती आपलं घर सोडून इथं आली, तिला दोन घटका कोंबड्यांत बसूशी वाटलं तर तुझं काय गेलं? तुला काय कमी केलं मी? अंड्यासाठी? अंडं मागायचं होतंस, थोबाड हाय ना? कोंबड्यांचं काय, त्या खातील, भरतील, पुन्हा देतील. पण माझी हाक? ही हाक माझ्या आईची हाय. ती अशीच बोलवायची, मी तिच्या मागं उभी राहून शिकले. ती तू तोंडात घेतलीस आणि उष्टी करून ठेवलीस. आता मी बोलवलं की माझीच पाखरं मला बघून पळतात. आणि सूनबाई, हसतेस काय गं तू पण? याला हसून हसून आपणच डोक्यावर बसवला. आणि तू उभा काय राहिलास खांबासारखा? जा, पुढच्या कुरडया आत आण, चिमण्या बसल्यात त्यांच्यावर. आणि आजपास्नं या घरात तोंडातनं आवाज काढशील तर बघ. कुणाचाच नाय. तुझा स्वतःचा पण नाय."